उचलायला चार माणसं

कोकणात सरकारी इमारतीपुढचा रॅम्प आणि बालवाडीतली घसरगुंडी एकच माणूस बांधतो, असा आमच्या दादाचा ठाम सिद्धांत आहे. आणि हे तो नुसतं बोलत नाही, मोजून दाखवतो. दादा म्हणजे माझा चुलत भाऊ, गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावात राहतो, कलमं आहेत, थोडी पोफळी, एक म्हैस. एका मे महिन्यात झेला (काठीला बांधलेली जाळी) घेऊन आंबे काढत होता, फांदी कडाडली आणि हा खाली, पाठीवर. कमरेखालची हालचाल गेली, संवेदनाही गेली. आमच्या पट्ट्यात आंब्यावरून, माडावरून पडून असा अधू झालेला माणूस शोधायला फार लांब जावं लागत नाही, पण त्यावर कधीतरी वेगळं लिहीन. आता त्याच्याकडे व्हीलचेअर आहे, साइड व्हील लावलेली स्कूटर आहे आणि मोबाइलमध्ये ते पाणसळीचं ॲप आहे, गवंडी लेव्हल बघतात ना, ते. कुठेही गेलो की आधी मला फोन रॅम्पवर ठेवायला सांगतो. "बघ बाय, किती दाखवतोय?"

आता नियम काय आहे तर एक फूट चढायचं असेल तर बारा फूट लांबी. १:१२. फोनवर हा उतार पावणेपाच अंशांच्या आसपास दिसतो. बस, एवढंच गणित, चौथीच्या पोराला येईल. पण आमच्याकडे पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, त्यामुळे जोतं उंच घ्यायचं ही जुन्या लोकांची अक्कल आणि ती बरोबरच आहे, नाहीतर जुलैमध्ये घरात पाणी. जोतं अडीच फूट घेतलं की रॅम्प होतो तीस फुटांचा, शिवाय मध्ये दम खायला सपाट जागा पाहिजे. ऑफिसपुढे तीस फूट जागा नसते, आणि असली तर तिथे साहेबांची गाडी लागते. मग आठ फुटांत उरकायचं. आठ फुटांत अडीच फूट चढवलं की फोन सतरा अंश दाखवतो. वर त्याला घराच्या हॉलमधल्या उरलेल्या गुळगुळीत टाइल्स लावायच्या, बाजूला एक चकचकीत स्टीलचा पाइप, निळ्या बोर्डावर चाकाच्या खुर्चीचं चित्र, फोटो, फाइल बंद. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्या टाइल्सवर शेवाळ धरतं आणि मग त्या रॅम्पवरून धडधाकट माणूससुद्धा बाजूच्या पायऱ्या बऱ्या म्हणतो.

एका तालुक्याच्या ऑफिसातला किस्सा सांगते, कुठलं ते राहू दे. तिथे असाच रॅम्प. शिपाई धावत आला आणि म्हणाला, तुम्ही कशाला त्रास घेताय, साहेबच खाली येतील. आणि साहेब खरंच आले हो! स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून सही केली, तब्येतीची चौकशी केली, चहा पाठवू का म्हणाले. माणूस चांगलाच होता, त्यात वाद नाही. परत येताना मी म्हटलं, बघ, किती पटकन झालं काम. दादा म्हणाला, "झालं गं, पण मला त्या कागदातल्या दुसऱ्या मुद्द्यावर भांडायचं होतं. उन्हात स्कूटरवर बसून, मान वर करून भांडता येत नाही. टेबलाच्या पलीकडे माणूस पाहिजे." मला हे तेव्हापासून चिकटलंय. आपण सोय म्हटलं की काम होणं एवढंच धरतो. वाट बघत बसणं, नोटीस बोर्ड वाचणं, शेजारच्या टेबलवर काय चाललंय ते ऐकणं, चिडणं, पुन्हा रांगेत जाणं, हे सगळं आत गेलेल्या माणसालाच मिळतं.

पण खरी गोष्ट ऑफिसची नाहीच, खरी गोष्ट आमच्या वाडीची आहे.

आमचं मूळ घर वर, डोंगराच्या कुशीत. रस्त्यावरून तिथे जायला पाखाडी. ज्यांनी कोकण फक्त रिसॉर्टमधून बघितलंय त्यांच्यासाठी सांगते, पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाची पायऱ्यांची वाट, दोन्ही बाजूंना गडगे म्हणजे दगड रचून केलेल्या बुटक्या भिंती, वरून फणसाची-काजूची सावली, इन्स्टावर फार भारी दिसते. एक पायरी सहा इंच, पुढची अकरा, मधली एक निखळलेली. दादा पडल्यावर घरच्यांनी रस्त्यालगत दोन खोल्या बांधल्या, तिथे तो राहतो. काकी मात्र वरच्या घरात. देव तिथे, तुळस तिथे, म्हैस तिथे, ती काही खाली यायला तयार नाही. रोज डबा घेऊन उतरते, रोज चढते. तर दादाच्या स्वतःच्या घरी जायचं म्हणजे उचलायला चार माणसं लागतात. दोन काखेत, दोन गुडघ्याखाली.

वाडीतल्या लोकांना रॅम्प, कठडा, असलं काही म्हटलं की मनापासून आश्चर्य वाटतं. "अरं आमी हाव ना, उचलून न्हेव की!" आणि नेतात. हे मी टीका म्हणून लिहीत नाहीये, मुंबईत शेजारच्या ब्लॉकमध्ये कोण राहतं ते माहीत नसतं आणि इथे मध्यरात्री हाक मारली तर माणूस धावत येतो. रस्ता नसलेल्या वाड्यांमधून आजारी माणसाला खुर्चीला बांबू बांधून डांबरीपर्यंत आणतात, बाळंतिणीला आणतात. ही आमची ॲम्ब्युलन्स. याचा अभिमान वाटावा असंच आहे ते.

पण उचलला जाणारा माणूस काय म्हणतो ते कोणी विचारत नाही. एका लग्नात दादाला असंच उचलून मांडवात नेलं. हसत-खेळत, चेष्टा करत, एकाने घाईत वळण घेतलं आणि दादाची टाच जांभ्याच्या कडेला घासली. त्याला कळलंच नाही, कळणार कसं, पायाला संवेदना नाही. जेवला, फोटो काढले, संध्याकाळी घरी आल्यावर काकीने मोजा काढला तर तो रक्ताने चिकटलेला. पॅराप्लेजियात, म्हणजे कमरेखालचं अंग असं गेलं की, अशी जखम साधी नसते, तिथे रक्तपुरवठा कमी, दाब सतत, भरायला महिने लागतात. तो पूर्ण पावसाळा त्या टाचेवर गेला. त्यानंतर कुठल्याही आमंत्रणाला तो आधी विचारतो, पायऱ्या किती? आणि पायऱ्या असतील तर तब्येत बरी नाही म्हणून सांगतो. लोकांना वाटतं हा माणूसघाणा झाला.

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी आमच्याकडे घरोघर जाते. देव स्वतः भेटायला येतो, ज्याला देवळात जाता येत नाही त्याच्याही दारात. मला ही पद्धत फार आवडते, आणि दादाच्या खोल्या रस्त्यालगत झाल्यापासून पालखी तिथेही थांबते, मानकऱ्यांनी कुरकुर न करता मान्य केलं. पालखी नाचवणारे सांगतात की आम्ही नुसता खांदा देतो, ओढतो तो देव, त्याला जिकडे जायचं तिकडे तो नेतो. दादा एकदा म्हणाला, मला उचलतात ना तेव्हा उलटं असतं, खांदेकरी नेतात तिकडे मी. मांडवात पंखा आहे तिथे बसवतात, मला पोरांबरोबर मागे बसायचं असतं. आणि एकदा बसवलं की बसवलं, लघवीला जायचं म्हणजे पुन्हा चार माणसं गोळा करा, जेवणाच्या पंगतीतून उठवा.

आणि आता तर माणसंही नाहीत. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या वाढली नाही, घटली, जवळजवळ १७ लाखांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गाचीही घटली. रत्नागिरीत २०११ च्या जनगणनेत १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हा आकडा लोक कौतुकाने सांगतात, पण त्यात मुलगी वाचवण्याचं कौतुक कमी आणि पुरुष मुंबईला असण्याचा हिशोब जास्त आहे. म्हणजे वाडीत कोण उरलं तर बायका, म्हातारे आणि शाळेतली पोरं. चार दणकट माणसं गणपतीला असतात, शिमग्याला असतात, मे महिन्यात थोडे दिवस असतात. उरलेलं वर्ष "आमी हाव ना" म्हणणारे नालासोपारा, विरार, दिव्याला असतात. उचलून नेऊ या भरवशावर आपण वाटा तशाच ठेवल्या आणि उचलणारे निघून गेले. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सगळ्यात जास्त टोचते, आणि ग्रामसभेत हीच कोणी बोलत नाही.

गंमत म्हणजे दादाची सगळ्यात आवडती जागा कुठली विचाराल तर धोपाव्याची फेरीबोट. धोपावे ते दाभोळ, गुहागर तालुक्यातून दापोली तालुक्यात. बोट येते, पुढची लोखंडी फळी जेट्टीच्या उतारावर खाली पडते, खडाड आवाज होतो, आतल्या गाड्या उतरतात, मग इकडच्या चढतात. दादा स्कूटर घेऊन सरळ आत. कधी खुर्चीवर असला तर उतारावर मी त्याला पाठमोरा उतरवते, मोठी चाकं आधी, म्हणजे तो पुढे कलंडत नाही. ओहोटी असली की जेट्टीचा उतार लांबतो, खालचा भाग ओला असतो, तिथे जपावं लागतं. पण पायरी नाही! एकही नाही. बोटीवरचा माणूस त्याच्याकडे बघतही नाही, बाइकवाल्यांना जसा हात करतो तसाच ह्यालाही करतो, चल चल, पुढे घे. दादा म्हणतो, पूर्ण जिल्ह्यात मला इथेच कोणी बिचारा म्हणत नाही. आता ही बोट काही दिव्यांगांचा विचार करून बांधलेली नाही, ती गाड्यांसाठी आहे. चाकाला पायरी चालत नाही एवढं तिथे आपोआप कळलं, कारण चाक साडेआठ लाखांच्या गाडीचं होतं.

तेच वाडीत. पाखाडीच्या कडेला हल्ली बऱ्याच ठिकाणी सिमेंटची हातभर रुंद पट्टी दिसते. ती कशासाठी, तर बाइक अंगणात चढवायला. त्यासाठी ना ग्रामसभा लागली, ना ठराव.

बाकी प्रवासाचं काय सांगू. एसटीत दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, चांगलीच गोष्ट आहे, पण बसची पहिली पायरी जमिनीपासून जिथे असते तिथेच आहे, तिला सवलत नाही. लांब जायचं असेल तर दादा सकाळपासून पाणी पीत नाही. कारण बहुतेक ठिकाणी बाथरूमचं दार चौकट धरून अडीच फुटी, आत जेमतेम दोन फूट मोकळं, आणि खुर्ची त्याहून रुंद. जिथे दिव्यांगांसाठी म्हणून वेगळं असतं तिथे कुलूप, आणि चावी ज्याच्याकडे तो जेवायला गेलेला. एकदा उघडून मिळालं तर आत झाडू, बादल्या, फिनेलचे कॅन आणि कुठल्यातरी कार्यक्रमाचे बॅनर. पाणी न पिणं हा उपाय नाही, ज्यांचं मूत्राशयावर नियंत्रण नाही त्यांना त्याने इन्फेक्शन होतं, ताप येतो, दवाखाना होतो. म्हणजे बाथरूमच्या दाराचे सहा इंच वाचवायचे आणि ते अँटिबायोटिकच्या रूपाने भरायचे.

हे सगळं खुर्चीवाल्याच्या नजरेने लिहितेय कारण माझ्या घरात तोच आहे. दिसत नसलेल्यांचं आणखी वेगळंच. एका स्टेशनच्या नव्या सुशोभित आवारात उठावाच्या पिवळ्या टाइल्स बघितल्या, लांब पट्ट्यांच्या म्हणजे इकडून चाला, ठिपक्यांच्या म्हणजे थांबा, पुढे धोका. जपानमध्ये सेइची मियाके नावाच्या माणसाने १९६५ मध्ये या शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा लावल्या. आमच्याकडच्या त्या टाइल्स 'चाला चाला' सांगत थेट एका खांबाला जाऊन भिडतात. रंगसंगती मात्र सुंदर आहे.

कायदा नाही असं कोणी म्हणू नये. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे, त्यात २१ प्रकारची अपंगत्वं धरली आहेत, १९९५ च्या कायद्यात सातच होती. सुगम्यतेचे नियम पाळले नसतील तर इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देऊ नये असं कलम ४४ म्हणतं. जुन्या सार्वजनिक इमारतींना कलम ४५ ने नियम आल्यापासून पाच वर्षं दिली, नियम आले जून २०१७ मध्ये, म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपलीसुद्धा. आणि तरी असं का, याचं एक उत्तर सुप्रीम कोर्टाने ८ नोव्हेंबर २०२४ ला दिलं. राजीव रतुरी यांची याचिका, ते स्वतः दृष्टिहीन, २००५ पासून हे प्रकरण चालू. कोर्ट म्हणालं की कायदा 'करा' म्हणतो आणि नियम मात्र मार्गदर्शक सूचनांच्या भाषेत बोलतात, हे चालणार नाही, तो नियम कायद्याशी विसंगत आहे, तीन महिन्यांत बंधनकारक मापदंड आणा. मी हे दादाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, म्हणजे इतकी वर्षं सतरा अंशाचा रॅम्प पण 'सूचना विचारात घेतली' मध्ये बसत होता तर.

शाळांच्या बाबतीत मात्र खरंच फरक पडलाय, ते कबूल करायला पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांत शाळेत अडथळ्याविना जाता आलं पाहिजे हे आहे, त्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळांना रॅम्प दिसतात, आणि उतारही बरेचदा माणसाला झेपेल असा. आमच्या वाडीच्या शाळेलाही आहे. फक्त शाळेपर्यंत जायला पाखाडी आहे. पट इतका खाली आलाय की शाळा टिकेल की नाही याचीच चर्चा. त्या रॅम्पचा वापर मी बघितलाय तो मतदानाच्या दिवशी, म्हाताऱ्या बायका कठडा धरून एकेक पाऊल टाकत वर जाताना. त्यांच्यापैकी एकीकडेही दिव्यांगाचं कार्ड नाही. गुडघे गेलेत, डोळ्यांत मोतीबिंदू, तोल जातो, पण त्यांना कोणी त्या यादीत मोजत नाही, आणि त्यांनाही वाटत नाही की हा रॅम्प आपला आहे.

समुद्राचं एक राहिलं. किनाऱ्यावर राहून दादा समुद्र सुरूच्या बनातून बघायचा. कोरड्या वाळूत खुर्चीची पुढची छोटी चाकं रुततात, तिथेच खेळ खलास. पण ओहोटीची ओली वाळू टणक असते, त्यावर टुरिस्ट लोक गाड्या पळवतात (आणि मग भरतीत अडकतात, तो वेगळा करमणुकीचा कार्यक्रम). म्हणजे अडचण फक्त मधल्या कोरड्या पट्ट्याची. भाच्याने एक दिवस माडाच्या झावळ्यांची झापं आणून ओळीने पसरली, अडकलेली गाडी काढायला घालतात तशी, आणि दादा स्वतःच्या हाताने चाकं मारत पार पाण्याच्या रेषेपर्यंत गेला. चेन्नईच्या मरीना बीचवर नोव्हेंबर २०२२ मध्ये असा २६३ मीटरचा लाकडी मार्ग केला, लगेच डिसेंबरमध्ये मंदौस चक्रीवादळाने त्याचं नुकसान केलं, मग दुरुस्तही झाला. 'निसर्ग' आणि 'तौक्ते' ही वादळं बघितलेल्या किनाऱ्यावर कायमचं काही बांधण्यापेक्षा मांडवासारखं घालता-काढता येणारं बरं, असं माझं मत. ऑक्टोबरला पसरा, मेअखेर गुंडाळा. टुरिझमच्या बैठकांना जाणाऱ्या कोणी हे वाचत असेल तर झापं आम्ही देऊ.

तर आता आमची मागणी एवढीच आहे की पाखाडीला एक कठडा बसवा. डोंगर सपाट करा असं कोणीच म्हणत नाहीये, पाखाडीचा रॅम्प होऊच शकत नाही, दादाला ते माझ्यापेक्षा चांगलं कळतं. हा कठडा त्याच्यासाठी नाहीच, काकीसाठी आहे. काकी हल्ली पावसात पाखाडी बसून उतरते. डबा आधी खालच्या पायरीवर ठेवते, मग दोन्ही हात टेकून स्वतः सरकते, पुन्हा डबा, पुन्हा ती. लुगड्याला मागून लाल चिखल. दादाला हे खालून खोलीतून दिसतं.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. मोठ्या गावाला ठीक आहे, पण समजा उत्पन्नच तीन लाख असेल तर ५ टक्के म्हणजे पंधरा हजार, ते दरवर्षी थोडे-थोडे वाटून संपतात. दादाने ग्रामसभेत सांगितलं, माझा वाटा मला नको, पाइप घ्या. सरपंच वहिनी तयार झाल्या, उरलेले वाडीने घालायचे. मग पाइप कुठला यावर चर्चा, कारण खाऱ्या वाऱ्यात साधं लोखंड दोन-तीन पावसाळ्यांत सोलतं, गंजलेल्या कठड्यावर भरवसा टाकणं हे कठडा नसण्यापेक्षा वाईट. शेवटी जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पाइप ठरला, जमिनीपासून तीन फुटांवर एक, खाली अडीच फुटांवर दुसरा. निखळलेल्या पायऱ्या बसवायच्या, आणि प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरा रंग, मोतीबिंदूवाल्यांसाठी. इथपर्यंत सगळं एकमताने.

अडलंय कुठे माहितीये? कठड्याचे खांब रोवायचे डाव्या बाजूच्या गडग्याला लागून, आणि ती जमीन सामाईक. सातबाऱ्यावर नावांची लाइन लागलीये, त्यातले निम्मे वारले, बाकीच्यांच्या सह्या पाहिजेत. आता म्हणाल हातभर जागा, कोण नाही म्हणेल, तर तुम्ही कोकणातले नाही. उजव्या बाजूला रोवा म्हटलं तर तिकडे पऱ्या म्हणजे ओहोळ आहे, पावसात माती जाते. सगळ्यांच्या सह्या झाल्या, नालासोपाऱ्याच्या एका काकांची राहिलीये. फोन केला तर म्हणाले, माझा विरोध नाही रे, पण हद्द एकदा मोजून घ्या, आणि एवढी घाई कसली, आम्ही आलो की वहिनीला धरून उतरवू ना. दादाने त्यांना विचारलं, काका, येताय कधी? गणपतीला, म्हणाले. दादाने फोन ठेवला आणि वेल्डरला लावला, माप आत्ताच घेऊन जा म्हणाला, पाऊस लागला की त्या पाखाडीवर टेप धरायला तू पण उभा राहणार नाहीस.